कात्री, खळ आणि जलरंग : राणी अलेक्झांड्राच्या अल्बमची गोष्ट

आजकाल बऱ्याच मोबाइलमध्ये एक सोय असते. फोटोतल्या माणसावर बोट दाबून धरलं की तो माणूस मागच्या दृश्यातून अलगद सुटून येतो. मग त्याला उचला, दुसऱ्या फोटोवर ठेवा, स्टिकर बनवा, ग्रुपवर पाठवा. सगळा मामला दोन सेकंदांचा.

१८६० च्या दशकात नेमकं हेच काम बारीक टोकाच्या कात्रीने व्हायचं. फोटोतला माणूस कापून काढायचा, कोऱ्या पानावर जलरंगांत एखादं दृश्य रंगवायचं आणि त्यात त्या माणसाला नेऊन बसवायचं. हे करणाऱ्यांत एक बाई अशी होती की जिचा स्वतःचा फोटो त्या काळी दुकानांतून लाखांनी विकला जात होता. ती म्हणजे इंग्लंडची युवराज्ञी आणि पुढे राणी झालेली अलेक्झांड्रा.

मी देवबागला राहते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली खाडी आणि मध्ये आमची माडांची चिंचोळी पट्टी. इथल्या आणि मालवणच्या आसपासच्या घरांतले जुने फोटो, अल्बम स्कॅन करून देणं हे माझं काम. खाऱ्या वाऱ्याने आणि चार महिन्यांच्या पावसाने फोटोंचं काय होतं ते मी रोज बघते. त्यामुळे दीडशे वर्षांपूर्वी कागद, अंड्याचा पांढरा भाग आणि रंग यांतून बनलेली पानं अजून शाबूत आहेत हे वाचलं, तेव्हा ती कशी बनली हे मुळापासून समजून घ्यावंसं वाटलं. ते तंत्र समजून घेता घेता ती बाईही कळत गेली.

आता कुणी विचारेल, हिचा आपल्याशी संबंध काय? तर मुंबईच्या काळा घोड्यावर बसलेला जो स्वार होता तो हिचा नवरा, सातवा एडवर्ड. तो पुतळा १९६५ मध्ये तिथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला, पण नाव तिथेच राहिलं. मुंबई बंदरातल्या आजच्या इंदिरा डॉकचं जुनं नाव अलेक्झांड्रा डॉक. माणकजी करसेटजी यांनी १८६३ मध्ये मुंबईत मुलींसाठी जी इंग्रजी शाळा काढली तिलाही हिचंच नाव दिलं. म्हणजे नाव आपल्याकडे भरपूर वापरलं गेलं, माणूस मात्र ठाऊक नाही.

कोपनहेगनचं घर

अलेक्झांड्राचा जन्म १ डिसेंबर १८४४ चा, डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरातला. घराणं राजाचं, पण तिचे वडील तेव्हा राजे नव्हते आणि घरात पैसाही बेताचाच होता. ती आणि तिची धाकटी बहीण डॅगमार एकाच माळ्यावरच्या खोलीत झोपायच्या, स्वतःचे कपडे स्वतः शिवायच्या. कात्री आणि सुई हातात खेळवायची सवय तिथलीच.

त्या घरी मुलांना गोष्टी सांगायला हान्स ख्रिश्चन अँडरसन यायचे. आपण लहानपणी वाचलेल्या कुरूप बदकाच्या पिल्लाची गोष्ट लिहिणारे तेच. अँडरसन उत्तम कागदकामही करायचे. गोष्ट सांगता सांगता कात्रीने कागद कापून आकृत्या काढायचे. ओळखीच्या मुलांसाठी त्यांनी छापील चित्रं कापून, चिकटवून वह्याही बनवल्या आणि त्या आजही डेन्मार्कमध्ये जपून ठेवल्या आहेत. अलेक्झांड्राने हे त्यांच्याकडूनच उचललं असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. पण कापलेला कागदही गोष्ट सांगू शकतो, हे माहीत असलेल्या माणसाचं तिच्या घरी येणं-जाणं होतं, एवढं नक्की.

फोटो स्वस्त कसा झाला

इथे थोडं तंत्र समजून घेऊ, कारण त्याशिवाय पुढची गंमत कळणार नाही.

१८४० च्या दशकातला डॅगेरोटाइप फोटो चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर उमटायचा. तो एकच असायचा, त्याची प्रत निघत नसे. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजाने कलोडियनची रीत जाहीर केली. काचेवर चिकट द्रावण पसरायचं, चांदीच्या क्षारात बुडवायचं आणि ते ओलं आहे तोवरच फोटो घेऊन धुवायचं. आता काचेची निगेटिव्ह हाताशी आली आणि एका निगेटिव्हवरून हव्या तेवढ्या प्रती निघू लागल्या.

प्रती निघायच्या अल्ब्युमेन कागदावर. अंड्याचा पांढरा भाग मीठ घालून फेटायचा, तो पातळ कागदावर चढवायचा, वाळला की चांदीच्या नायट्रेटवर तरंगवायचा. त्यावर काचेची निगेटिव्ह दाबून ठेवायची आणि उन्हात धरायची. चित्र आपोआप काळंतांबूस उमटत जायचं. मग सोन्याच्या क्षाराने रंग पक्का करायचा, हायपोने धुवायचं. फोटो मोठा करण्याची सोय सहसा नसे. निगेटिव्ह जेवढी, फोटो तेवढाच.

यात पुढची भर पॅरिसच्या दिस्देरीने घातली. १८५४ मध्ये त्याने पेटंट घेतलं ते एकाच काचेवर अनेक छोटे फोटो घेण्याचं. अनेक भिंगांचा कॅमेरा वापरून एका काचेवर आठ फोटो निघू लागले. एकाच कागदावर आठही छापायचे, कापायचे आणि प्रत्येक फोटो साधारण साडेसहा गुणिले दहा सेंटीमीटरच्या जाड कार्डावर चिकटवायचा. व्हिजिटिंग कार्डाच्या मापाचा म्हणून त्याला कार्त द व्हिझित म्हणू लागले. खर्च एकदम खाली आला. मध्यमवर्गालाही फोटो परवडू लागला. लोक एकमेकांना कार्डं देऊ लागले आणि राजे, नट, लेखक यांची कार्डं दुकानांत विकत मिळू लागली.

यातला महत्त्वाचा मुद्दा मापाचा. लंडनचा स्टुडिओ असो की कोपनहेगनचा, कार्डाचं माप एकच. उभा माणूस त्यात साधारण बोटाएवढा यायचा. म्हणजे वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या वर्षी काढलेले फोटो कापून शेजारी ठेवले तरी माणसं एकमेकांच्या प्रमाणात बसायची. ठरलेल्या मापाशिवाय कात्रीचा हा खेळ सुरूच झाला नसता. वेगवेगळ्या मोबाइलचे फोटो एकाच फॉरमॅटमध्ये असले की ते कुठेही उघडतात, तसंच हे.

लंडनमधली सून

१० मार्च १८६३ रोजी विंडसरला अलेक्झांड्राचं लग्न राणी व्हिक्टोरियाच्या थोरल्या मुलाशी झालं. ती तेव्हा १८ वर्षांची होती. त्याच वर्षात तिचं माहेर चहूकडे पसरलं. भाऊ ग्रीसचा राजा झाला. वडील डेन्मार्कचे राजे झाले. आणि लगेच १८६४ मध्ये प्रशियाने ऑस्ट्रियाच्या साथीने डेन्मार्कवर चढाई करून त्याचा मोठा मुलूख घेतला. इकडे सासरी तिची नणंद प्रशियाच्या युवराजाला दिलेली. एकाच घरात दोन बाजू, आणि सुनेने गप्प बसावं ही अपेक्षा. त्याच वर्षी जानेवारीत तिचं पहिलं मूल, अल्बर्ट व्हिक्टर, दोन महिने आधीच जन्मलं होतं.

१८६६ मध्ये डॅगमारही रशियाच्या युवराजाशी लग्न करून गेली. माळ्यावरच्या एका खोलीत वाढलेल्या दोघी आता लंडन आणि सेंट पीटर्सबर्गला. अशा घराला जोडून ठेवायला पत्रं होती आणि पाकिटात सहज मावणारी ती कार्डं होती.

अलेक्झांड्राच्या ज्या अल्बममुळे हा लेख लिहायला घेतला, तो याच काळातला, १८६६ ते १८६९ चा. आज तो इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे.

एक पान कसं बनायचं

या अल्बमांची पानं बनवण्याची रीत साधारण अशी :

१. आधी माणसं गोळा करायची. जमलेल्या कार्डांतून हवे ते फोटो निवडायचे. कार्डावर चिकटवलेला फोटो पाण्याने भिजवून सोडवायचा किंवा स्टुडिओकडून न चिकटवलेली प्रत मागवायची.

२. मग कापायचं. अल्ब्युमेन कागद फार पातळ असतो आणि सुटा ठेवला की गुंडाळला जातो. केस, टोपीची पिसं, बोटं यांच्या कडेने कात्री फिरवणं म्हणजे कसोटीच. एक चुकीचा काप आणि कान गेला.

३. पानाचा आराखडा करायचा. जाड कागदावर पेन्सिलीने जागा आखून घ्यायच्या. कोण कुठे बसणार, कोणाशेजारी कोण.

४. जलरंग भरायचे. दिवाणखाना, बाग, पंखा, फुलांची वेल, बदकं, काय हवं ते. चेहऱ्याची जागा बहुतेक कोरीच ठेवायची, कारण रंगवलेला कागद फुगतो आणि त्यावर फोटो नीट बसत नाही.

५. चिकटवायचं. पिठाची खळ किंवा डिंक पातळ लावायचा. जास्त लागला तर रंग ओघळतो, कमी लागला तर कडा उचलतात.

६. शेवटी सांधा भरायचा. फोटोची कड आणि चित्र यांमधल्या फटीवर बारीक कुंचल्याने रंग द्यायचा. अल्ब्युमेनवर जलरंग सहज धरत नाही, पाणी थेंब होऊन घरंगळतं. म्हणून रंगात डिंक किंवा बैलाचं पित्त मिसळायची पद्धत होती.

एवढं करून हाती यायचं ते एकच पान, आणि ते दुसऱ्यांदा तसंच्या तसं बनायचं नाही. फोटोच्या तंत्राने आयुष्यभर जे कमावलं, म्हणजे हुबेहूब प्रती, ते सगळं या बायका कात्रीने परत पुसून टाकत होत्या.

बायका म्हणते कारण हे काम प्रामुख्याने इंग्लंडच्या वरच्या वर्गातल्या बायकांनीच केलं. लेडी फिल्मर या त्यातल्या एक. त्यांच्या एका पानावर रंगवलेला दिवाणखाना आहे, मध्ये टेबलापाशी त्या स्वतः उभ्या, आणि आजूबाजूच्या मंडळीत अलेक्झांड्राचा नवराही आहे. युवराजाचं आणि लेडी फिल्मरचं सूत जुळल्याची त्या वर्तुळात चर्चा होती. म्हणजे एका पानावर कोणाला जवळ बसवलं आणि कोणाला दूर, हे लोक बरोबर वाचत होते. केट गॉफ यांच्या अल्बममध्ये पाण्यात पोहणारी बदकं आहेत आणि त्यांना बायकांची डोकी आहेत. आज बघितलं तरी हसू येतं.

कलेच्या इतिहासात फोटो कापून जोडण्याचं श्रेय बरीच वर्षं पहिल्या महायुद्धानंतरच्या बर्लिनमधल्या कलावंतांना दिलं जायचं. त्याच्या पन्नास वर्षं आधी घरातल्या टेबलावर हेच झालं होतं, पण तो बायकांचा वेळ घालवायचा छंद म्हणून बाजूला राहिला. २००९ मध्ये शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने या अल्बमांचं मोठं प्रदर्शन भरवलं. त्यात अलेक्झांड्राचीही पानं होती.

ताप, काठी आणि लाखांनी विकलेला फोटो

अल्बमची ही तीन-चार वर्षं तिच्यासाठी सोपी नव्हती. १८६७ च्या सुरुवातीला, तिसऱ्या बाळंतपणाच्या वेळी, तिला संधिवाताचा ताप आला. महिनोन्‌महिने ती अंथरुणात होती. मुलगी लुईझ सुखरूप जन्मली, पण आईचा गुडघा कायमचा आखडला आणि ती लंगडत चालू लागली. आईकडून आलेला बहिरेपणाही वाढत चालला होता. तिची चाल बघून लंडनच्या फॅशनेबल बायका मुद्दाम तसंच लंगडत चालू लागल्या. एकीचं दुखणं दुसरीची फॅशन झाली.

१८६८ मध्ये डाउनी बंधूंच्या स्टुडिओने तिचा एक फोटो घेतला. त्यात तिने लहानग्या लुईझला पाठुंगळी घेतलंय. राजघराण्यातली बाई अशी मोकळेपणाने फोटोत दिसणं तेव्हा नवीनच होतं. या कार्डाच्या ३ लाख प्रती विकल्या गेल्या असं सांगतात. त्या काळाच्या मानाने हे व्हायरलच म्हणायचं.

जरा विचार करा. कोणीही चार पैसे टाकून तिचा चेहरा विकत घेऊ शकत होतं, आपल्या अल्बममध्ये कुठेही लावू शकत होतं. तिच्या स्वतःच्या चेहऱ्यावर तिचा ताबा उरला नव्हता. त्याच वर्षांत ती घरी बसून दुसऱ्यांचे चेहरे आपल्या हाताने कापत होती आणि आपल्याला हवे तसे मांडत होती. दिवाणखान्यात ज्या बाईला निम्मं बोलणं ऐकू येत नाही, तिला टेबलावर ठेवलेलं, बोट दाखवून हसता येईल असं पान किती उपयोगाचं असेल! हे मी माझ्या समजुतीने म्हणतेय. पण हा अल्बम मला नुसता छंद वाटत नाही. सगळं दुसऱ्यांनी ठरवलेल्या आयुष्यात, कोण कोणाशेजारी बसेल हे ठरवायची ती एक जागा होती.

तेव्हा मुंबईत काय चाललं होतं?

कात्री फक्त लंडनमध्येच चालत नव्हती. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच सुरू झाली, भारतातली अशी पहिली संस्था. तिच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी होते. भाऊ दाजी मूळचे पेडण्याजवळच्या मांद्र्याचे, म्हणजे आमच्या सिंधुदुर्गाच्या अगदी वेशीवरचे.

याच सोसायटीतल्या विल्यम जॉन्सनने मुंबईत राहणाऱ्या निरनिराळ्या जातीजमातींच्या लोकांचे फोटो काढून दोन खंडांचं पुस्तक केलं. पहिला खंड १८६३ चा, दुसरा १८६६ चा, म्हणजे अलेक्झांड्राचा अल्बम सुरू झाला त्याच वर्षीचा. माणसांचे फोटो स्टुडिओत काढायचे, ते कापायचे आणि देवळाच्या किंवा समुद्राच्या वेगळ्या काढलेल्या दृश्यावर बसवायचे, ही त्याची रीत. पण हेतू उलटा होता. जॉन्सनला सांधा लपवायचा होता, माणसं खरंच तिथे उभी होती असं भासवायचं होतं आणि त्यांची वर्गवारी मांडायची होती. पोहणाऱ्या बदकाला बाईचं डोकं लावणाऱ्या केट गॉफला काहीच लपवायचं नव्हतं. कापलंय, चिकटवलंय, रंगवलंय, हे पानावर उघड दिसत होतं.

तीच कात्री, तीच खळ. पण एकीकडे जोडकाम लपवलेलं आणि दुसरीकडे उघड. हा फरक लक्षात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.

आमच्याकडच्या जुन्या घरांतही असं जोडकाम सापडतं. नवरा मुंबईत गिरणीत, बायको गावात. दोघांचे फोटो वेगवेगळ्या ठिकाणी काढलेले, मग स्टुडिओवाल्याने ते शेजारी जोडून, गालावर गुलाबी हात फिरवून एक फ्रेम केलेली. माजघरात टांगलेले असे फोटो मी बरेच पाहिलेत. नीट बघितलं तर दोघांच्या चेहऱ्यावरची सावली वेगवेगळ्या बाजूला असते. घरच्यांना ते माहीत असतं आणि त्यांचं काही बिघडत नाही.

न झालेला भारतप्रवास

१८७५ मध्ये युवराज भारतात यायला निघाला. अलेक्झांड्राला सोबत यायची फार इच्छा होती. पण हा दौरा पुरुषांचा ठरला, तिला नेलं नाही, आणि ही गोष्ट तिला लागली. ८ नोव्हेंबर १८७५ ला तो मुंबईत उतरला, प्रिन्सेस डॉकचा पाया घातला, पुढे देशभर हिंडला. सोबत फोटोवाले होते. तिने हा देश पाहिला असेल तो त्यांच्या फोटोंतूनच. नंतर १९०५ मध्ये तिचा मुलगा जॉर्ज मुंबईत आला आणि त्याने अलेक्झांड्रा डॉकची पायाभरणी केली. १९१४ मध्ये डॉक सुरू झाला. जिचं नाव त्याला दिलं ती बंदरावर कधीच उतरली नाही.

मग कोडॅक आला

१८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमनने पहिला कोडॅक कॅमेरा बाजारात आणला. किंमत २५ डॉलर, आत १०० फोटोंची गुंडाळी. फोटो संपले की अख्खा कॅमेरा कंपनीकडे पाठवायचा. ते धुऊन, छापून, नवी गुंडाळी भरून परत पाठवायचे. फोटो गोल यायचे. काच नाही, रसायनं नाहीत, काळा तंबू नाही. कॅमेरा आता फोटोवाल्याच्या हातातून घरातल्या माणसांच्या हातात आला.

अलेक्झांड्रा हौशीने फोटो काढू लागली. आतापर्यंत दुसऱ्यांनी काढलेले फोटो कापणारी आता स्वतः काढू लागली. नातवंडं, बोटीवरचे प्रवास, कुत्री, माहेरची माणसं. तिचे फोटो १८९७ मध्ये लंडनला ईस्टमन कंपनीच्या प्रदर्शनात लागले. काही फोटो तर चहाच्या चिनी मातीच्या कपबश्यांवर छापून घेतले गेले. आपल्याकडे वाढदिवसाला फोटोचा मग देतात ना, त्याची ही आजी.

मधल्या काळात, १८९२ च्या जानेवारीत, अल्बर्ट व्हिक्टर गेला. त्याचं लग्न ठरलेलं, आठवड्याभरापूर्वी त्याचा अठ्ठाविसावा वाढदिवस झालेला. दोन महिने आधी जन्मलेलं ते हेच मूल. यानंतर तिने त्याची खोली होती तशीच ठेवली.

१९०१ मध्ये व्हिक्टोरिया गेली आणि वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी अलेक्झांड्रा राणी झाली. १९०८ मध्ये तिने स्वतः काढलेल्या फोटोंचं पुस्तक नाताळात विकायला काढलं. पुस्तकाचं रूप घरातल्या अल्बमसारखं ठेवलेलं आणि मिळालेला पैसा धर्मादाय कामाला दिलेला. कधी काळी तिचा चेहरा विकून फोटोवाल्यांनी पैसा केला होता. आता तिच्याच नजरेतून काढलेले फोटो विकून गरजूंना पैसा गेला.

जाळलेले कागद, उरलेली पानं

१९१० मध्ये एडवर्ड गेला. तिचं ऐकणं जवळपास संपलं, शेवटी डोळ्यांनीही साथ सोडली. २० नोव्हेंबर १९२५ रोजी सँड्रिंगहॅमला ती वारली, एक्क्याऐंशी पुरे व्हायला थोडेच दिवस असताना. आपले खासगी कागद नष्ट करावेत अशी तिची इच्छा होती, आणि तसंच झालं. पत्रं, टिपणं, मनातलं जे काही लिहिलेलं होतं त्यातलं बरंच जाळलं गेलं.

अल्बम मात्र राहिले. त्यामुळे आज तिच्याबद्दल बोलायचं तर शब्द कमी सापडतात आणि कापलेले चेहरे, रंगवलेल्या कडा जास्त. ज्याला तेव्हा कोणी कागदपत्र मानलं नाही, तेच तिचं शिल्लक कागदपत्र ठरलं.

ऊन आणि दमट हवा

या अल्बमांना जपणं अवघड का, तेही सांगते. कारण एकाच पानावर दोन स्वभावांचे पदार्थ असतात. जलरंगाचा मोठा शत्रू उजेड. किरमिजीसारखे काही रंग उन्हात बघता बघता उडतात. अल्ब्युमेन फोटोचा मोठा शत्रू दमट हवा. ओलाव्यात चांदीचे कण झिजतात, अंड्याचा थर पिवळा पडतो, चेहरा फिका होत जातो. शिवाय खळ म्हणजे बुरशीचं आणि कसरीचं आवडतं खाद्य. म्हणून संग्रहालयात अशी पानं अंधारात, कोरड्या आणि थंड जागी ठेवतात आणि थोडे दिवसच दाखवतात.

देवबागला या सगळ्याची परीक्षाच असते. पावसाळ्यात कपाटातले कपडेसुद्धा दमट होतात. चिकट पानं आणि वर प्लास्टिकचा पडदा असलेले ऐंशी-नव्वदच्या दशकातले अल्बम सगळ्यात आधी जातात. पानावरचा गोंद फोटोत उतरतो आणि वरचं प्लास्टिक फोटोच्या जिलेटिनला चिकटून बसतं. ओढलं की चेहराच निघून येतो.

तुमच्याकडे असे अल्बम असतील तर एवढं करा :

• चिकटलेला फोटो ओढू नका. पानासकट स्कॅन करा किंवा सावलीतल्या उजेडात नीट फोटो काढा.

• स्कॅन किमान ६०० डीपीआयवर घ्या आणि पहिली प्रत काहीही न बदलता टिफ फाइलमध्ये ठेवा.

• लॅमिनेशन नको. एकदा केलं की फोटो परत मोकळा होत नाही.

• नवा अल्बम करायचा तर आम्लविरहित जाड कागद आणि फोटोचे कोपरे अडकवायच्या कागदी खाचा वापरा. फोटोच्या पाठीवर गोंद नको.

• मऊ पेन्सिलीने नावं लिहा. फोटोवर नाही, पानावर. ओळखणारं माणूस घरात आहे तोवरच.

• डबा घट्ट बंद, आत सिलिका जेल, आणि कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं नको.

सांधा दिसू द्या

गणपतीत चाकरमानी गावी येतात तेव्हा माझ्याकडे गर्दी असते. हल्ली त्यांची मागणी ठरलेली : आजीचा फोटो एआयने स्वच्छ करून द्या. मी समजावते ते असं. बुरशीने खाल्लेल्या जागी काय होतं हे कोणत्याही प्रोग्रॅमला माहीत नसतं. तो लाखो इतर चेहरे बघून अंदाज बांधतो. डोळा गेला असेल तर डोळा आणून बसवतो, पण तो तुमच्या आजीचा नसतो. गुळगुळीत, छान, आणि कोणाचाच नसलेला चेहरा तयार होतो. दहा वर्षांनी पोरांना तोच खरा वाटेल, कारण सांधा दिसतच नाही. जॉन्सनच्या पुस्तकात होती तीच गोष्ट, फक्त आता फार सफाईने.

म्हणून मी दोन फाइल देते. एक जशीच्या तशी, डाग आणि भोकांसकट. दुसरी दुरुस्त केलेली, आणि तिच्या नावातच दुरुस्त असा शब्द. काही लोकांना मी आणखी एक सुचवते. गेलेला भाग रंगवायचाच असेल तर फोटोची प्रत जाड कागदावर लावा आणि उरलेली जागा हाताने रंगवा. घरातल्या एखाद्या पोराला किंवा पोरीला बसवा. माड काढा, होडी काढा, तुळस काढा. मुंबईच्या काकांना आणि गावच्या काकींना एका पानावर आणा. बघणाऱ्याला कळेल की खरं कुठे संपलं आणि आपल्या माणसांनी कुठून जोडलं.

अलेक्झांड्राकडे नोकरचाकर, उत्तम कागद आणि महाग रंग होते हे खरं. पण पान बनवायला लागणाऱ्या मुख्य वस्तू आपल्याही घरात आहेत : थोडे फोटो, कात्री, खळ, शाळेतल्या जलरंगांची पेटी आणि कोण कोणाचं हे सांगू शकणारी एखादी म्हातारी. यातलं शेवटचं सामान बाजारात मिळत नाही, तेव्हा सुरुवात तिच्यापासूनच करा.